पाटावरची शेवटची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे मित्रांनो, आणि तीसुद्धा डुप्लिकेट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिने उगाच मोठेपणा केला. खरी किल्ली सुनेत्राच्या पर्समध्ये राहायची. रोज सकाळी अंधेरीला जायची, रोज संध्याकाळी परत यायची. मी तिला थोरली म्हणते. थोरलीने एवढं जग पाहिलं आणि मी आठ वर्षं एक भिंत पाहिली. तक्रार नाही करत, नुसतं सांगते.

माझा जन्म उल्हासनगरचा. सुनेत्रा पडद्याचं कापड घ्यायला तिथल्या बाजारात गेली होती. दुकानाच्या पायरीपाशी एक किल्लीवाला पेटी मांडून बसला होता. तो दुकानदाराशी सिंधीत आणि सुनेत्राशी हिंदीत बोलत होता, आणि दोन्हीकडे सारखाच कंटाळलेला दिसत होता. त्याने यंत्राच्या एका बाजूला थोरलीला धरलं, दुसऱ्या बाजूला मला. खर्रर्र आवाज झाला, पितळेचा भुगा उडाला आणि मी किल्ली झाले. दोन मिनिटं लागली असतील. माझ्या कडा कानशीने घासता घासता तो म्हणाला की सुरुवातीला जरा घट्ट जाईल, मग सवय होईल. तो बहुतेक कुलपाबद्दलच बोलत होता.

सुनेत्राला डुप्लिकेट कशाला हवी होती, ते ऐका. ती आणि तिचा नवरा अनीश दोघेही नोकरीला. सकाळी सहाला दोघेही घराबाहेर. त्यांची मुलगी सई तेव्हा दुसरीत होती आणि तिची शाळा दुपारी सुटायची. मग दुपारी तिला दार उघडणार कोण? सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात किल्ली बांधायचं सुनेत्राच्या जिवावर आलं. कुठे पडली, कुणी ओढून घेतली तर काय घ्या. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वैदेहीने तिला सांगितलं की खाली कौसाबाईंकडे ठेवा, आमच्या सगळ्यांच्या तिथेच असतात.

आमची इमारत बदलापूरला हेंद्रेपाड्यात आहे. तळमजला आणि वर तीन मजले. जिन्याला लागून तळमजल्यावर जे पहिलं घर आहे, ते कौसाबाईंचं. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्याच घरची. तिथे त्यांची भाताची खाचरं होती. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात त्यांना खालचा हा फ्लॅट मिळाला. नवरा त्याच सुमाराला गेला. मुलगा महेश बायकोला घेऊन चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला, तिथून त्याला कारखाना जवळ पडतो. आई, तू पण चल, असं तो म्हणाला होता. कौसाबाई गेल्या नाहीत. माझं खाचर सोडून मी कुठं जाऊ, म्हणाल्या. खाचर राहिलंच नव्हतं, पण ते त्यांना कोण सांगणार?

सुनेत्राने मला त्यांच्या हातात दिलं तेव्हा माझ्या गळ्यात प्लास्टिकची चकती होती आणि तिच्यावर ३०४ लिहिलं होतं. कौसाबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग सईच्या वेणीची निळी रिबीन मागितली, तिचा एक तुकडा कापून माझ्या भोकात बांधला आणि चकती सुनेत्राला परत दिली. मला आकडं कुठं वाचता येतात गो, असं म्हणून हसल्या.

त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर एक जुना जेवायचा पाट ठोकलेला होता. त्या पाटाला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. मी गेले तेव्हा आम्ही सतरा जणी झालो. कुणाच्या गळ्यात शर्टाचं बटण, कुणाच्या लाल दोरा, कुणाच्या मोडकी बांगडी. खिळे मजल्याप्रमाणे नव्हते, शेताप्रमाणे होते. पाटाची वरची कड म्हणजे वरचं खाचर, मधली रांग म्हणजे बांध, उजवा कोपरा म्हणजे विहीर. ज्याचं घर हवेत का होईना, पण ज्या जागेच्या डोक्यावर आलं, त्या जागेच्या खिळ्याला त्याची किल्ली. वैदेही विहिरीवरची. पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी दिनानाथ खळ्यावरचे. आणि आमच्या घराच्या खाली पूर्वी एक उंबर होता, म्हणून सुनेत्रा उंबराची. एवढी शिकलेली बाई, पण आपल्याला उंबराची का म्हणतात ते तिला वर्षभर कळलं नाही. विचारायला वेळ कुठे होता तिला?

आता रोजचा दिवस सांगते. फार काही नाही त्यात. पहाटे पाचपासून जिन्यावर पावलं वाजायला लागत. आधी पहिल्या गाडीवाले, मग दुसऱ्या, मग शाळेची मुलं. साडेसातला सगळं शांत. त्यानंतर आमची इमारत म्हणजे नुसती लावलेली दारं. दिवसभर एकच दार उघडं असे, कौसाबाईंचं. ते त्या सकाळी उघडून विटेचा तुकडा लावून ठेवत आणि संध्याकाळी सगळे परत आले की लावत. गॅसवाला आला की आमच्यातली एक निघायची, सिलिंडर आत जायचा. कुणाचा नळ उघडा राहिला आणि पाणी आलं की कौसाबाई जिना चढून जायच्या. कुणाचे कपडे वाळत असले आणि आभाळ आलं की जायच्या, कपडे काढून घड्या घालून पलंगावर ठेवायच्या. कुणी सांगितलेलं नसायचं. घरी आलेल्या माणसाला घड्या घातलेले कपडे दिसायचे आणि तो कपाटात ठेवून द्यायचा. कपड्यांनी स्वतःच घड्या घालून घेतल्या असाव्यात, असं त्याला वाटत असेल.

दुपारी दीडला सई यायची. दप्तर दारात टाकून म्हणायची, कौसाआजी, किल्ली. कौसाबाई लगेच देत नसत. आधी पाणी, मग तांदळाच्या भाकरीचा तुकडा, मग मी. सई मला मुठीत घेऊन तीन मजले पळत जायची. दारात मला खुपसायची, एकदा फिरवायची, कट् असा आवाज व्हायचा आणि दार उघडायचं. तेवढंच माझं काम, दिवसातून एकदा. मग थोड्या वेळाने ती मला परत खिळ्याला आणून लावायची. पहिली दोन वर्षं मी दीड वाजायची वाट पाहायची. मग तेही सोडलं. वाट पाहिली काय आणि नाही पाहिली काय, दीड वाजायचाच.

मित्रांनो, किल्लीला फारसं काही वाटत नाही. पितळेला काय वाटणार? माणसांनाही आमच्याकडे फारसं काही वाटत नसावं. वरच्या मजल्यावरचे खालून जाताना कौसाबाईंना हात करायचे, हसायचे. काय कौसाबाई, बरं ना? उत्तर येईपर्यंत ते फाटकाबाहेर गेलेले असायचे. त्यात वाईट असं काही नव्हतं. गाडी चुकली असती ना त्यांची.

आणि मग गेल्या वर्षी धर्मराज आला.

धर्मराज म्हणजे वैदेहीचा दीर. सकाळी अकराच्या सुमाराला तो पिशवी घेऊन जिन्यात उभा राहिला आणि विहिरीवरच्या घराची बेल वाजवून खाली आला. कौसाबाईंनी विचारलं, कोण पाहिजे. तो म्हणाला, मी वैदेहीवहिनींचा धाकटा दीर, गावाहून आलोय. आता शहरातल्या माणसाने ओळखपत्र मागितलं असतं, नाहीतर वैदेहीला फोन केला असता. कौसाबाईंनी त्याला गाव विचारलं. मग यंदा पेरलंय काय, ते विचारलं. त्याने तूर म्हणून सांगितलं आणि तुरीवर पडलेल्या अळीचं सगळं रामायण सांगितलं. एवढं ज्याला ठाऊक तो खोटा कसा असेल? कौसाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि लाल दोऱ्याची किल्ली काढून दिली.

तो खोटा नव्हताच. सख्खा दीर होता. पण दोन्ही भावांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि वैदेहीला तो घरात नको होता. बिचारा समेट करायला आला होता. आंघोळ केली, फ्रिजमधली भाजी खाल्ली आणि सोफ्यावर झोपून गेला. रात्री आठला वैदेही आली, दार उघडलं, समोर सोफ्यावर पुरुष झोपलेला! तिची किंचाळी खाली पाटापर्यंत ऐकू आली.

चोरी झाली नाही, काही मोडलं नाही. धर्मराज सकाळी निघून गेला. पण त्या आठवड्यात दिनानाथांनी नोटीस लावली. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, निवृत्त झालेत, नोटीस कशी लिहायची ते त्यांना बरोबर ठाऊक. सुरक्षेच्या कारणास्तव सभासदांनी आपल्या घराच्या किल्ल्या तिऱ्हाइत व्यक्तीकडे ठेवू नयेत. कौसाबाईंचं नाव कुठेही नव्हतं. दिनानाथांच्या मनातही वाईट नव्हतं, नियम म्हणून लिहिलं. नोटिशीचा कागद कौसाबाईंच्या दारासमोरच फलकावर लागला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या रोज त्याच्यासमोरून झाडू मारत जायच्या.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्यातल्या एकेक जणी गेल्या. कुणीही भांडून नेली नाही. सगळे गोड बोलले. कौसाबाई, पाहुणे येणारेत, जरा किल्ली लागेल. कौसाबाई, आमची हरवलीय, ही नेते हं. शेवटी शेवटी तर कारणंही तीच तीच यायला लागली. कौसाबाई खिळ्यावरून काढून द्यायच्या आणि दोरा, बटण, बांगडी सोडवून आपल्याकडे ठेवायच्या. त्याच सुमाराला एक कंपनी आकड्यांची कुलपं बसवायला इमारतीत आली होती, दारावर आकडे दाबायचे की दार उघडतं. एकाने बसवलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून तिसऱ्याने. दिवसभर ड्रिल चालू.

एका रविवारी ते ड्रिल तिसऱ्या मजल्यावर वाजलं. आवाज आमच्या दारातून येत होता, मी ओळखला. माझं कुलूप काढत होते.

मला वाटलं, आता सुनेत्रा मला न्यायला येईल. ती आलीही. दारात उभी राहिली, पाटाकडे पाहिलं. पाटावर तेव्हा मी एकटीच होते. कौसाबाईंनी तिला बसायला सांगितलं, वालाच्या शेंगा सोलत होत्या त्यातल्या ओंजळभर पिशवीत घालून दिल्या आणि म्हणाल्या, बाकीच्यांनी नेल्या गो किल्ल्या, तुझी हाय हं जागेवर.  सुनेत्रा वाल घेऊन वर गेली. आमच्याकडे नवं कुलूप बसलंय, हे सांगायचं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने गेले.

तर मित्रांनो, मी अशी किल्ली झाले जिला कुलूपच नाही. मला काही वाटलं नाही. खिळा तोच, भिंत तीच. फक्त दीड वाजता सई यायची बंद झाली. ती नववीत होती, मग दहावीत गेली. आकडे दाबून घरात जायची. खालून जाताना पावलं हळू टाकायची आणि दाराकडे बघायची नाही. तिलाही सांगायचं राहिलं होतं ना.

आणखी एक बदल झाला. कौसाबाईंनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. उघडं कुणासाठी ठेवायचं? दार ओढलं की लॅच आपोआप लागायचं. विटेचा तुकडा दाराआड पडून राहिला. रोज सकाळी त्या मला खिळ्यावरून काढायच्या, पदराने पुसायच्या आणि परत लावायच्या. कामाच्या किल्ल्या कधी पुसल्या नव्हत्या त्यांनी.

आता त्या दिवसाचं सांगते. जानेवारी महिना होता. सकाळी दहाच्या सुमाराला कौसाबाई मोरीतून पाण्याची कळशी घेऊन बाहेर आल्या, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि पडल्या. मी समोरच होते. कळशी गडगडत दारापाशी गेली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तोंडातून एक आवाज आला आणि त्या परत आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ते नंतर कळलं.

फोन कपाटावर होता. त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा. इमारतीत होतं कोण? सतरा घरं आणि सतरा बंद दारं. मग त्यांच्या हाताला पितळेचा पेला लागला. तो त्या फरशीवर आपटायला लागल्या. टण्, टण्, टण्. थांबायच्या, परत आपटायच्या.

वरती पहिल्या मजल्यावर दिनानाथ घरीच होते. बरोबर डोक्यावर त्यांची खोली. त्यांना आवाज ऐकू गेला. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, डोळे पुसत सांगितलं. पण आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या घरी बारा महिने टाइल्स बसत असतात, फर्निचर ठोकत असतात. त्यांना वाटलं, कुठेतरी काम चालू असेल. दुपारी जरा डोळा लागत होता, म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि सुनेत्राच्या दारावर काय झालं, तेही सांगते. त्या नव्या कुलपाला सेल लागतात. आठवडाभर त्यावर लाल दिवा लुकलुकत होता आणि घरातले सगळे म्हणत होते की रविवारी बदलू. सेल संपले तर उघडायला म्हणून कंपनीने दोन खऱ्या किल्ल्याही दिल्या होत्या. त्या या हुशार माणसांनी कुठे ठेवल्या होत्या? घरात, कपाटावर, कुलपाच्याच खोक्यात.

दीड वाजता सई आली. आकडे दाबले, दिवा लागेना. परत दाबले. मग आईला फोन केला. सुनेत्रा म्हणाली की मी लगेच निघते, पण पोचायला दोन तास लागतील, तोवर कौसाबाईंकडे जाऊन बस.

सई आली नाही. ती जिन्यात बसली. खालून दुसरी पायरी. मला तिच्या बुटांचा आवाज आला, दप्तर ठेवल्याचा आवाज आला. ती आमच्या दारापासून चार हातांवर होती. तिला लाज वाटत होती. आठ महिने ज्या दाराकडे पाहिलं नाही, ते आता गरज पडली म्हणून कसं वाजवायचं? तिने मला हे पुढे सांगितलं नाही, किल्लीला कोण सांगतं, पण तिने आईला सांगितलं तेव्हा मी तिच्या खिशात होते.

तेव्हा पेला थांबला होता. कौसाबाईंचा हात दुखून आला असेल, नाहीतर शुद्ध हरपत असेल. त्या छताकडे बघत पडल्या होत्या. ओठ सुकले होते आणि पाणी चार हातांवर सांडलेलं. बाहेर पोरगी, आत बाई, मधे एक दार आणि दोघींपैकी एकीलाही दुसरी ठाऊक नाही. मित्रांनो, किल्लीला काही वाटत नाही असं मी म्हटलं ना, ते खोटं आहे. त्या एका तासात मला फार वाईट वाटलं. किल्लीचा जन्म घेऊन मी नुसती टांगलेली होते.

अडीच वाजून गेल्यावर सईने बेल वाजवली. शेवटी तहानच लागली असावी. एकदा वाजवली आणि थांबली. कुणी आलं नाही. तिला वाटलं, कौसाआजी रागावली आहे, मुद्दाम उघडत नाही. ती वळली. दप्तर उचलल्याचा आवाज आला.

तेव्हा कौसाबाईंनी डोळे उघडले. जेवढा आवाज होता तेवढा काढून त्या म्हणाल्या, "सई काय गो? किल्ली हाय तुझी, खिळ्याला हाय. जाऊ नको. मला जरा उठता येत नाय."

सई थांबली.

पुढे सगळं भराभर झालं, म्हणजे आमच्या इमारतीत जेवढं भराभर होतं तेवढं. सई पळत वर गेली आणि तिने दिनानाथांचं दार बडवलं. ते बनियनवरच खाली आले. वॉचमन आला. तिघे दारासमोर उभे राहिले आणि दिनानाथांनी विचारलं, यांची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

कुणाकडेच नव्हती. सतरा घरांच्या किल्ल्या आठ-दहा वर्षं ज्या बाईने सांभाळल्या, तिच्या घराची एक किल्ली मागून घ्यायचं सतरा घरांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. महेशकडे एक होती, तो अंबरनाथला कारखान्यात. तो येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. वॉचमनने कुठून तरी पहार आणली आणि दार मोडायला घेतलं. जुनं दार, जड लाकूड, पाऊण तास लागला. तेवढा वेळ सई दाराच्या फटीला तोंड लावून बोलत होती. शाळेतलं काहीबाही सांगत होती, परीक्षेचं, मैत्रिणीचं. आतून कौसाबाई मधूनच हूं म्हणत होत्या.

दार पडलं. दिनानाथ आत आले आणि त्यांची नजर आधी कौसाबाईंवर गेली, मग सांडलेल्या कळशीवर, मग पेल्यावर. पेला त्यांनी उचलून हातात धरला. मग पाटाकडे पाहिलं. सतरा खिळे आणि त्यावर मी एकटी. ही कुणाची, म्हणून त्यांनी विचारलं. सई म्हणाली, आमची. 

स्ट्रेचरवरून नेताना कौसाबाईंनी हात वर केला. सईला वाटलं, पाणी मागतात. पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सईने मला खिळ्यावरून काढलं आणि खिशात टाकलं. उंबराच्या खिळ्यावर आता काहीच नव्हतं.

कौसाबाईंचं ऑपरेशन उल्हासनगरच्या दवाखान्यात झालं. तिथून महेश त्यांना चिखलोलीला आपल्या घरी घेऊन गेला, नवव्या मजल्यावर. हेंद्रेपाड्याच्या घराला नवं दार बसलं, नवं कुलूप बसलं आणि ते घर इतर घरांसारखं बंद झालं. दिनानाथांनी नोटीस काढून टाकली. फलकावर चार टाचण्या राहिल्या. लोक तिथून येतात जातात. आता हात करायला कुणी नाही, त्यामुळे गाडी जरा आरामात मिळत असेल.

दहावीची परीक्षा संपल्यावर सई आईला म्हणाली, मला कौसाआजीला खरं सांगायचंय. एका रविवारी दोघी चिखलोलीला गेल्या. मी सईच्या खिशात. पहिल्यांदाच एवढा प्रवास केला मी. थोरली असती तर तिला सांगितलं असतं, पण जुन्या कुलपाबरोबर तिचं काय झालं, कुणालाच आठवत नव्हतं.

कौसाबाई खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. बाजूला वॉकर. खूप वाळल्या होत्या. खिडकीतून लांबवर दुसरे टॉवर दिसत होते, अर्धे बांधलेले. खाली कुणाचं खाचर होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीवर एकही खिळा नव्हता, सुनेला नव्या भिंतीला भोकं चालत नाहीत.

सुनेत्रा बोलायला लागली आणि रडायला लागली. मग सईनेच सांगितलं. मला तळहातावर ठेवून म्हणाली की या किल्लीचं कुलूप आमच्या दारावर नाही, वर्ष होत आलं, आम्ही तुम्हाला सांगितलं नाही.

 कौसाबाईंनी खाटेखालची पिशवी ओढायला सांगितली. त्यात दोरे होते, बटणं होती, मोडक्या बांगड्या होत्या. त्याखाली फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी फडकं सोडलं. माझं कुलूप! तेच, डाव्या बाजूला हिरवा रंग लागलेलं. ड्रिलवाल्यांनी ते फाटकापाशी भंगारात टाकलं होतं आणि त्याच संध्याकाळी कौसाबाईंनी ते उचलून आणलं होतं. मी भिंतीवर आणि ते खालच्या ट्रंकेत. आठ महिने आम्ही एका खोलीत होतो आणि मला पत्ता नव्हता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सई म्हणाली. "मग त्या दिवशी किल्ली आहे म्हणून का म्हणालात?"

कौसाबाई तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "किल्लीचं नाव काढलं म्हणून थांबलीस गो."

 कौसाबाईंनी सईच्या हातातून मला घेतलं, कुलपात घातलं आणि फिरवलं. कट् झालं. वर्षभर न फिरलेली मी, पण अडले नाही. त्यांनी परत फिरवलं. मग हसल्या, आणि सुनेत्राला म्हणाल्या की बघ, अजून लागतंय.

निघताना सईने त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली. हेंद्रेपाड्याच्या घराची किल्ली. कौसाबाई म्हणाल्या, माझ्या रिकाम्या घराची किल्ली कशाला पाहिजे तुला? सई म्हणाली की तुम्ही परत याल तेव्हा असायला हवी. त्यांनी महेशला हाक मारली आणि त्याच्याकडच्या दोनपैकी एक सईला द्यायला लावली. पिशवीत शोधून तिला मोडक्या बांगडीचा तुकडा बांधला. ती किल्ली आता तिसऱ्या मजल्यावर, आकड्यांच्या कुलपाच्या आत, एका खिळ्याला टांगलेली असते. मी मात्र कौसाबाईंच्या पिशवीत राहिले, माझ्या कुलपाजवळ. त्या परत जातील का, मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर बघू. दुपारी कधी कधी त्या आम्हा दोघांना बाहेर काढतात आणि एकदा फिरवतात. त्यांच्या घरच्या घड्याळात तेव्हा साधारण दीड वाजलेला असतो.

मित्रांनो, तुमच्या घराची एक किल्ली शेजारी ठेवा, असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला जमतं, गरज पडली की सगळ्यांना जमतं. मी दुसरंच सांगते. तुमच्या जिन्यात दिवसभर घरी असणारं एखादं माणूस असेल. आज संध्याकाळी घरी जाताना त्याची बेल वाजवा आणि त्याच्या घराची किल्ली मागून घ्या.